जोडलेले हात, न जोडलेले हात

नाशिकच्या एका माध्यमिक शाळेत एक शिक्षक होते. सकाळी प्रार्थना सुरू झाली की सगळ्यांबरोबर तेही उभे राहायचे. गडबड नाही, घोषणा नाही, कुणाला अडवणं नाही. फक्त हात जोडायचे नाहीत. एवढ्या एका गोष्टीवरून शाळेशी त्यांचं बिनसलं. शिस्तभंगाचा ठपका आला आणि बारा वर्षांच्या नोकरीनंतर मिळायची ती वरिष्ठ वेतनश्रेणी अडली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्याची सक्ती करणं हा मूलभूत हक्कांचा भंग आहे, असा निकाल न्यायालयाने २०१३ साली दिला.

त्याच नाशकात, त्र्याऐंशी वर्षं आधी, २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. तिथे माणसं हात जोडायला निघाली होती आणि दरवाजे बंद होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेव्हाच स्पष्ट केलं होतं की देवळात गेल्याने अस्पृश्यांचे प्रश्न सुटणार नाहीत. आपल्याला माणूस मानायची सवर्णांच्या मनाची तयारी आहे का, हे यातून तपासायचं आहे. रामाच्या दर्शनाची स्वतःला आस नसलेला माणूस इतरांना ते दर्शन मिळावं म्हणून लढत होता.

तिसरी गोष्ट पूर्वीच्या नगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यातली. शनिशिंगणापूरच्या उघड्या चौथऱ्यावर एक काळी शिळा आहे. वर छत नाही, भोवती गाभारा नाही. गावातल्या घरांना परंपरेने दारं नसत, इतका तिथल्या लोकांचा शनिदेवावर भरवसा. पण त्या चौथऱ्यावर बाईने पाऊल ठेवायचं नसे. २००० साली या बंदीविरुद्ध आंदोलन उभं राहिलं, ते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या पुढाकाराने. सोबतीला प्रा. एन. डी. पाटील, पुष्पाबाई भावे आणि डॉ. श्रीराम लागू होते. देव ही कल्पनाच माणसाने आता टाकून द्यावी, असं गावोगाव सांगत फिरणारे हे डॉ. लागू. शनी ही कोपणारी देवता आहे यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. तरी ज्या बाईचा तो आहे, तिला तिथे तेल वाहता आलं पाहिजे, म्हणून ते उन्हात उभे राहिले.

या तीन गोष्टी मी कित्येक वर्षं मनात शेजारी शेजारी ठेवून बघते आहे. वरवर बघता त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. एकाला हात जोडायचे नाहीत, दुसऱ्यांना जोडायचे आहेत. पण तिन्ही ठिकाणी समोर उभी असलेली ताकद एकच आहे. हात कुणी, कुठे, कधी जोडायचे हे आम्ही ठरवणार, असं म्हणणारी. नास्तिक विरुद्ध आस्तिक असा वाद आपण रंगवतो तेव्हा हीच ताकद नजरेआड होते. हा लेख तिच्याविषयी आहे, आणि तिच्याशी झुंजताना महाराष्ट्रात नास्तिकांनी आणि भाविकांनी एकमेकांशी जे भांडण मांडलं, त्याविषयी.

चमचाभर दूध

२१ सप्टेंबर १९९५. गणपती दूध पितो ही बातमी दिल्लीपासून गल्लीपर्यंत काही तासांत पोचली. आमच्या फलटणमध्येही देवळापुढे रांगा लागल्या. माझी आई स्टीलच्या पेल्यात दूध घेऊन गेली होती. तास-दीड तासाने तिचा नंबर लागला. तिने चमचा सोंडेला टेकवला, थोडासा तिरका केला आणि दूध हळूहळू कमी होत गेलं.

यात काय घडतं ते आता शाळेतली पोरंही सांगतील. द्रवाच्या पृष्ठभागावर ताण असतो. काठोकाठ भरलेला चमचा दगडाला टेकला की त्या ताणामुळे दूध दगडाकडे ओढलं जातं आणि पातळ पापुद्र्यासारखं मूर्तीच्या अंगावरून खाली उतरतं. पांढऱ्या संगमरवरावर पांढरं दूध, म्हणून दिसत नाही. दिल्लीत शास्त्रज्ञांच्या पथकाने दुधात रंग मिसळून चमचा लावला, तेव्हा ओघळ सगळ्यांना दिसला.

हे सगळं मी आईला वर्तमानपत्र पुढे धरून समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "मूर्तीच्या पायाशी दूध साचलेलं मला तिथेच दिसलं होतं गं. गाभाऱ्यातून ओघळ बाहेर येत होता. पण सगळ्या बायका हात जोडून उभ्या. मी एकटी कशी बोलणार?"

तीस वर्षं झाली. श्रद्धा आणि बुद्धी यांच्याविषयी मी पुष्कळ वाचलं, पुष्कळ भाषणं ऐकली. पण आईच्या त्या एका वाक्यात जे होतं, ते मला कुठल्याच पुस्तकात इतकं स्वच्छ सापडलं नाही. आईची बुद्धी शाबूत होती. डोळे नीट बघत होते. तिची श्रद्धाही आड येत नव्हती, कारण गणपती दूध पीत नाही म्हणून तिची गणपतीवरची माया कमी होणार नव्हती. आड आली ती रांग. बुद्धीला गप्प बसवणारी गोष्ट बहुतेक वेळा श्रद्धा नसते, भोवतालचे जोडलेले हात असतात.

त्यानंतर काही वर्षांनी एका शाळेत चमत्कारांचा कार्यक्रम बघितला. अंधश्रद्धा निर्मूलनाचा कार्यकर्ता भगवा गमछा टाकून बसला होता. पुढे ताम्हनात समिधा रचलेल्या, काडेपेटी नाही. त्याने काहीतरी पुटपुटत पळीने तूप सोडलं. चार-पाच सेकंद काही झालं नाही. मग धुराची बारीक रेघ निघाली आणि भस्सकन जाळ झाला. पोरं किंचाळली. मग त्याने गमछा काढला आणि सांगितलं: समिधांखाली पोटॅशियम परमँगनेटची पूड होती, विहिरीत टाकतो ती. तूप नव्हतं, ग्लिसरीन होतं. दोन्ही एकत्र आली की आपोआप पेट घेतात. मग एका मुलाला पुढे बोलावून त्याच्याच हाताने अग्नी पेटवून घेतला. त्या पोराचा चेहरा बघण्यासारखा होता. मघाशी भीती होती तिथे आता मालकी होती.

टाळ्या वाजल्या. आणि मागच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर करून विचारलं, "सर, मग देवपण असाच असतो का?"

कार्यकर्ता क्षणभर थांबला. म्हणाला, "ते तू शोध. विचारत राहा."

त्या थांबण्यात महाराष्ट्रातल्या एका मोठ्या वादाचं मूळ आहे. प्रश्न एकदा विचारायला शिकवला की तो चमच्याशी आणि ताम्हनाशी थांबत नाही. मग शिकवणाऱ्याने पुढे काय करायचं?

दोन डॉक्टर

या प्रश्नाची दोन उत्तरं दोन डॉक्टरांनी दिली, आणि एकाच व्यासपीठावर बसून दिली.

डॉ. श्रीराम लागू हे नाक-कान-घशाचे शल्यचिकित्सक. चांगली चाललेली वैद्यकी सोडून ते रंगभूमीवर आले आणि १९७० साली 'नटसम्राट'मधले अप्पा बेलवलकर झाले. त्यांची भूमिका सरळ होती. देव ही कल्पना एके काळी माणसाला उपयोगी पडली असेल. आता तिची गरज उरलेली नाही, आणि तिच्या नावावर झालेला अन्याय फार मोठा आहे. 'परमेश्वराला रिटायर करा' हे त्यांच्या लेखाचं शीर्षक महाराष्ट्रात म्हणीसारखं फिरलं. अंधश्रद्धा हा शब्दच त्यांना पटत नसे. श्रद्धा म्हणजे पुराव्याशिवाय मानणं. ती आंधळीच असते. मग तिच्यामागे पुन्हा 'अंध' कशाला लावायचं, असा त्यांचा सवाल होता.

डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. मिरजेला वैद्यकीय शिक्षण घेतलं, कबड्डीत देशाकडून खेळले, बारा-एक वर्षं दवाखाना चालवला आणि मग पूर्णवेळ चळवळीत आले. १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. ते स्वतः देव मानत नसत. पण समितीची भूमिका त्यांनी आग्रहाने वेगळी ठेवली: देव आणि धर्म यांबाबत समिती तटस्थ आहे, तिचा विरोध माणसाला लुबाडणाऱ्या, घाबरवणाऱ्या, त्याचं शोषण करणाऱ्या अंधश्रद्धेला आहे. समितीच्या चतुःसूत्रीतही 'धर्माची विधायक, कृतिशील चिकित्सा' असे शब्द होते. चिकित्सा. डॉक्टर करतो ती. रोगी मारायचा नसतो, रोग शोधायचा असतो.

'विवेकजागराचा वाद-संवाद' या नावाने हे दोघं महाराष्ट्रभर हिंडले. लागूंनी देव नाकारायचा, दाभोलकरांनी आपण त्या टोकाला का जात नाही ते सांगायचं, आणि मग लोकांनी दोघांनाही धारेवर धरायचं. एकाच चळवळीतले दोन मित्र लोकांसमोर एकमेकांना खोडून काढत होते. हे दृश्य आपल्याकडे दुर्मीळ. संघटनेत मतभेद झाला की फूट पडते, ही आपली रीत.

यातलं कुणाचं बरोबर? तरुणपणी मी पूर्णपणे लागूंच्या बाजूची होते. दाभोलकरांची तटस्थता मला तडजोड वाटायची. मूळ झाडाला हात न लावता फांद्या छाटत बसायचं, हे काय झालं? पुढे माझं मत बदललं, ते वादाने नव्हे. एका ओट्यावर बसून जट कापताना बघितली, त्याने.

पन्नाशीच्या पुढची बाई होती. डोक्यावर वीसेक वर्षांची जट. केस गुंतून, तेल-धूळ-घाम मुरून दोरखंडासारखे घट्ट झालेले. मान एका बाजूला कललेली, कारण तेवढं वजन कायम एकीकडे. रात्री कुशीवर झोपता येत नाही, डोकं धुता येत नाही, आत उवा झाल्या तरी खाजवता येत नाही. जट म्हणजे देवीचं बोलावणं, असं तिला सांगितलं होतं. एके काळी अशी जट आली म्हणून पोरी देवदासी म्हणून यल्लम्माला सोडल्या गेल्या आहेत. कार्यकर्ती कात्री घेऊन बसली, तेव्हा बाईने तिचा हात धरला. "देवी कोपणार नाही ना?"

तिथे डॉ. लागूंचं उत्तर सत्य होतं: देवीच नाही, तर कोपेल कोण? पण त्या उत्तराने जट कापली गेली नसती. बाई उठून निघून गेली असती. कार्यकर्ती म्हणाली, "कोपली तर माझ्यावर कोपेल. कात्री माझ्या हातात आहे." बाईने डोळे मिटले. अर्ध्या-पाऊण तासाने तिने मान सरळ केली, डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली आणि रडायला लागली.

दुसऱ्याच्या भीतीपर्यंत पोचायचं तर त्याच्या भाषेतून जावं लागतं, हे मला त्या ओट्यावर कळलं. आणि तरीही मी लागूंना सोडू शकत नाही. कारण सगळ्यांनीच समजुतीने, सबुरीने बोलायचं ठरवलं तर शेवटचा प्रश्न विचारायचाच राहून जाईल. वर्गातल्या त्या मुलीला कुणीतरी पूर्ण उत्तर द्यायला हवं. लागूंनी ते दिलं. पोटचा तरुण मुलगा गेला, त्यानंतरही त्यांनी देवाचा आधार शोधला नाही आणि जे सभेत बोलले तेच घरात जगले. दुःखात माणूस देवाकडे वळतोच, असं म्हणणाऱ्यांनी हे आयुष्य डोळ्यांपुढे ठेवावं.

हे इथलंच भांडण

नास्तिकपणा ही बाहेरून आलेली फॅशन आहे, असं अजूनही ऐकू येतं. महाराष्ट्राचा इतिहास ते खोटं पाडतो.

जोतीराव फुले नास्तिक नव्हते. जगाचा एक निर्माता आहे, असं ते मानत आणि त्याला 'निर्मिक' म्हणत. पण निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये दलाल कशाला, हा त्यांचा प्रश्न होता. २४ सप्टेंबर १८७३ ला त्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज काढला आणि तीनच महिन्यांत, २५ डिसेंबरला, सीताराम जबाजी आल्हाट आणि राधा यांचं लग्न भटजीशिवाय लावलं गेलं. जोतीरावांनी मंगलाष्टकं स्वतः रचली, त्यांत वधू वराकडे बायकांच्या हक्कांचं वचन मागते. पोथी तीच ठेवून पुरोहित बदलला, असं झालं नाही. मागणं कुणाचं, हेच बदललं.

गोपाळ गणेश आगरकर एक पाऊल पुढे गेले. देव आहे की नाही हे बुद्धीने कळत नाही, तर मग मानायचं कशाला, अशा अज्ञेयवादावर ते उभे होते. 'केसरी'चे पहिले संपादक ते. टिळकांशी पटेना म्हणून बाहेर पडले आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढलं. पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून अखेरपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं, खटले अंगावर घेतले आणि बुद्धीला पटत नाही ते मानायचं नाही, हा नेम कधी सोडला नाही.

हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या विधान भवनावर नेला. तोंडी तलाक बंद करा, ही मागणी होती. सात बायका, बस्स. १९७० मध्ये त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं, आणि नावातच फुल्यांशी नातं सांगितलं. तोंडी तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला तो २०१७ मध्ये, त्या मोर्चाला एक्कावन्न वर्षं झाल्यावर. दाभोलकरांनी आपल्या मुलाचं नाव हमीद ठेवलं, ते दलवाईंवरून.

आणि बाबासाहेब. काळारामाचे दरवाजे उघडले नाहीत. १९३५ मध्ये येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बुद्धाचा धम्म स्वीकारला. त्यांनी ईश्वर नाकारला, पण धम्म घेतला. संघ घेतला, दीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा दिल्या. नुसत्या तर्कावर समाज उभा राहत नाही, नीती मनात रुजायला एकत्र येणं लागतं, हे त्यांनी ओळखलं होतं. आस्तिक-नास्तिक अशा दोनच खणांत माणसं भरणाऱ्यांना बाबासाहेब कुठे ठेवायचे ते कळत नाही. खण अपुरे आहेत, म्हणून.

या सगळ्यांची देवाविषयीची मतं एकमेकांशी जुळत नाहीत. जुळते ती एकच गोष्ट. माझ्या आणि माझ्या सदसद्विवेकाच्या मध्ये कुणी उभं राहायचं नाही.

कायद्याची सीमारेषा

दाभोलकरांनी जवळपास अठरा वर्षं अघोरी प्रथांविरुद्धच्या एका कायद्यासाठी मंत्रालयाचे जिने झिजवले. मसुदे झाले, बदलले, पुन्हा बदलले. २००५ मध्ये विधेयक विधानसभेत मंजूर झालं आणि विधान परिषदेत अडकलं. वारकरी मंडळींमध्ये धास्ती पसरली, पसरवली गेली: उद्या कीर्तनात संतांचे चमत्कार सांगितले तर पकडून नेतील, वारीवर बंदी येईल, घरातला सत्यनारायणही गुन्हा ठरेल.

ही भीती नुसती हसून सोडून देण्यासारखी नव्हती. वारकऱ्याचा संताप मला समजतो. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माळ आहे, ज्याला त्या माळेने दारूपासून लांब ठेवलं, ज्याला अभंगांनी अक्षरओळख दिली, त्याला शहरातला कुणी येऊन 'हे सगळं खुळचट' असं म्हणाला तर तो ऐकून का घेईल? संघटित धर्म म्हणजे नुसती दलाली नव्हे. भजनाची जागा, आजारपणात धावून येणारे चार लोक, पंगतीतलं जेवण हेही त्याच्यातच असतं. नास्तिकांनी हे कबूल केलं पाहिजे. देव नाकारल्यावर या गोष्टी कुठून आणायच्या, याचं उत्तर आम्ही अजून पुरतं दिलेलं नाही.

शेवटी जो कायदा झाला त्याचं नाव लांबलचक आहे: नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा. लोक त्याला जादूटोणाविरोधी कायदा म्हणतात. त्याला जोडलेल्या अनुसूचीत बारा गोष्टी आहेत. भूत उतरवायच्या नावाखाली साखळीने बांधून मारणं, मिरचीची धुरी देणं. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र टाकत बसणं. बोटांनी शस्त्रक्रिया करतो म्हणून सांगणं. अंगात दैवी शक्ती आहे असं सांगून बाईचा गैरफायदा घेणं. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत.

आणि त्याच कायद्यात दुसरी यादी आहे, कशाला हात लावायचा नाही याची. प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन, घरात आणि देवळात, दर्ग्यात, चर्चमध्ये, गुरुद्वारात केली जाणारी पूजा-प्रार्थना, सण, मिरवणुका, कान-नाक टोचणं, जैनांचं केशलोचन. ज्योतिष आणि वास्तुशास्त्राचा सल्लासुद्धा.

या दुसऱ्या यादीवर कडवे बुद्धिवादी नाराज आहेत. ज्योतिषाला का सोडलं, असं ते विचारतात, आणि त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. तरी मला ही यादी मोलाची वाटते. राज्याने माणसाच्या मनात शिरायचं नाही. त्याच्या शरीराला, खिशाला आणि अब्रूला धक्का लागला की मात्र मध्ये पडायचं. आपल्या राज्यघटनेचा पंचविसावा अनुच्छेद आधी सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य देतो, मग धर्म पाळण्याचं, आणि दोन्हींना सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांची मर्यादा घालतो. विचाराने विचाराला खोडायचं काम मात्र समाजाचं आहे. तिथे लागूंची गरज कायम राहणार.

कायदा हिंदूंच्याच विरोधात आहे, हा प्रचार सर्वांत जास्त झाला. कायद्याच्या आधी अध्यादेश निघाला होता, त्याखालचा पहिला गुन्हा नोंदला गेला नांदेडला. कॅन्सर, मधुमेह, एड्स बरे करण्याचा दावा करणाऱ्या दोघांवर. दोघंही मुसलमान होते. भोंदूगिरीला जात-धर्म नसतो, आणि तिच्या गिऱ्हाइकालाही.

पुलावरची सकाळ

पण हा अध्यादेश निघाला तो दाभोलकरांच्या रक्तावरून.

२० ऑगस्ट २०१३. पुण्यात सकाळी फिरायला निघालेल्या दाभोलकरांना ओंकारेश्वराजवळच्या पुलावर मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी गोळ्या घातल्या. त्या पुलाला महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचं नाव आहे. अस्पृश्यतेविरुद्ध आयुष्य घालवणारे, आणि ईश्वरावर अढळ श्रद्धा असलेले शिंदे. दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळाने अध्यादेश मंजूर केला आणि डिसेंबरात कायदा झाला. दीड वर्षाने कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे, त्यानंतर सहाच महिन्यांत धारवाडला डॉ. कलबुर्गी, २०१७ मध्ये बंगळुरूला गौरी लंकेश, यांच्यावरही अशाच गोळ्या झाडल्या गेल्या. दाभोलकरांच्या खुनाचा निकाल लागायला १० मे २०२४ उजाडलं. दोघांना जन्मठेप झाली, तिघं पुराव्याअभावी सुटले.

दाभोलकरांनी देहदान ठरवलं होतं. पण खून झाल्यामुळे शवविच्छेदन करावं लागलं आणि देह शिक्षणाच्या उपयोगाचा राहिला नाही. साताऱ्यात कसल्याही विधीशिवाय त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. अग्नी दिला तो मुलीने, मुक्ताने. रक्षा कुठल्या नदीत गेली नाही. शेतात पसरली गेली.

मला यावरून आणखी दोन मरणं आठवतात. आगरकर एकोणचाळिसाव्या वर्षी दम्याने गेले. आपल्या अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी आधीच बांधून ठेवले होते, कुणाच्या दारात जायला लागू नये म्हणून. हमीद दलवाई गेले तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते. त्यांच्या इच्छेनुसार त्यांना पुरलं नाही, मुंबईत विद्युतदाहिनीत दहन केलं, कुठलाही विधी न करता. माणूस आयुष्यभर काहीही बोलो, मेल्यावर संघटित धर्म त्याला पुन्हा ताब्यात घेतोच, असा आपल्याकडचा रिवाज आहे. तेराव्याला, चाळिसाव्याला सगळे आपापल्या खणात परत जातात. दाभोलकर आणि दलवाई यांनी मरणानंतरही तो ताबा दिला नाही. आणि कुणाच्या श्रद्धेला त्याने एवढासाही ओरखडा गेला नाही.

नऊ हजार सहाशे बावन्न

२०११ च्या जनगणनेत आपण नास्तिक आहोत अशी नोंद देशभरात फक्त तेहतीस हजारांच्या आसपास लोकांनी केली. त्यांतले सर्वाधिक महाराष्ट्रातले. किती? ९,६५२. सव्वाअकरा कोटींच्या राज्यात. आषाढीच्या एखाद्या मुक्कामाला तळावर याहून कितीतरी जास्त माणसं भाकरी खायला बसतात.

इतक्या थोड्या लोकांची भीती का वाटावी? ते संख्येने धर्माचं काही बिघडवू शकत नाहीत. ते फक्त एवढंच दाखवतात की हात न जोडताही नीट जगता येतं, प्रामाणिक राहता येतं, दुसऱ्याच्या दुःखात धावून जाता येतं. रांगेतल्या इतरांना हे दिसू नये, असं ज्यांना वाटतं, त्यांचं पोट रांगेवर चालतं. शनिशिंगणापूरलाही हेच दिसलं. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१६ मध्ये स्पष्ट सांगितलं की पुरुषाला जिथे जाता येतं तिथे बाईला अडवता येणार नाही. ८ एप्रिलला, गुढीपाडव्याला, चौथरा बायकांना खुला झाला. शनी कोपला नाही. गावही जागच्या जागी आहे. बंद पडली ती फक्त कुणाची तरी मनाई.

फलटणला माउलींची पालखी मुक्कामाला असते त्या रात्री आमच्या ओसरीवर दरवर्षी वारकरी उतरतात. आई होती तोवर तीच सगळं बघायची. आता मी जाते. एका वर्षी परभणीकडची एक म्हातारी होती. पायांना भेगा, डोक्यावरची तुळस उतरवून तिने आधी कोपऱ्यात नीट ठेवली. माझ्या गळ्याकडे बघून म्हणाली, "तुमी माळ न्हाई घातली?"

मी खरं ते सांगितलं. "मी देव मानत नाही, मावशी."

ती जरा थांबली. मग म्हणाली, "बरं. पाणी तरी तापवून देता का? पाय लई ठणकायलेत."

मी पाणी तापवलं, घमेल्यात मीठ टाकून आणून दिलं. ती पाय बुडवून बसली आणि हरिपाठ म्हणत राहिली. मी शेजारी बसून होते. तिने मला म्हणायला सांगितलं नाही. मी तिला थांबवलं नाही. त्या ओसरीवर आम्हा दोघींच्या मध्ये तिसरं कुणी नव्हतं, म्हणून हे इतकं सोपं झालं. सभेत, मोर्चात, टीव्हीवर आमच्या दोघींच्या नावाने भांडायला कितीजण पुढे येतात.

पहाटे पदराने चेहरा पुसत ती निघाली. वारीत लहान-मोठं न बघता एकमेकांच्या पाया पडतात, तशी ती माझ्या पायाशी वाकली. मी मागे सरले, आणि मग मीही वाकले. त्या भेगाळलेल्या पायांना माझे हात लागले आणि नंतर आपोआप जुळले. तिच्या विठ्ठलासाठी नाही. कोसन्‌कोस चालत आलेल्या त्या बाईसाठी.

जोड, असं मला कुणी म्हटलं नव्हतं. जोडू नकोस, असंही कुणी म्हटलं नव्हतं.